मायव्वाचा मेणा

मी मेणा बोलतोय. मला पालखी म्हणू नका. पालखी उघडी असते. आत बसलेला देव साऱ्या गावाला दिसतो. मी चारी बाजूंनी बंद. माझ्यात बसलेली बाई कुणाच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठीच मला घडवलं. त्यामुळे आतलं माणूस भ्यालं की ते बाहेर कुणाला कळत नाही, मला मात्र फळीफळीतून कळतं.

आज मी देवणी तालुक्यातल्या एका गावात, मांजरेच्या काठावरच्या मायव्वाच्या मठात उभा आहे. माझा दांडा किती वेळा बदलला ते मलाही आठवत नाही. पडदे तर दर पिढीला नवे. पण तळाची शिसवी फळी तीच आहे, मूळची. तिच्यावर महामाया बसली होती.

महामाया एका लहानशा गढीच्या राजाची लेक. गढी लहान आणि शेजारी मोठे, म्हणून राजा कायम धाकात. शेवटी त्याने एका थोराड सरदाराला लेक देऊ केली आणि तह केला. पोरीला कुणी विचारलं नाही. तिने त्याआधीच एका वाटसरू शरणीकडून, म्हणजे लिंगायत साध्वीकडून, गळ्यात बाळगायचं इष्टलिंग घेतलं होतं. सकाळी ते तळहातावर ठेवून पूजा करायची आणि आईला म्हणायची, "मला हेच करत राहायचंय." आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुताराला सांगावा धाडला. मी तयार झालो.

वरातीच्या दिवशी तिला आत बसवून पडदे सोडले. भोयांनी उचललं, आणि माझी फळी थरथरायला लागली. मला वाटलं, भोयांची पावलं जुळत नाहीत. पण पावलं जुळलेली होती. थरथर आतून येत होती. तिने दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या होत्या आणि तळव्यांच्या घामाने लाकूड ओलं झालं होतं.

मांजरेच्या उताराशी, जिथून नदी पायी ओलांडतात तिथे, भोयांनी मला दम खायला खाली ठेवलं. तेव्हा पडदा सरकला आणि ती बाहेर आली. वरातीचा म्होरक्या गुंडप्पा धावला. राजाच्या पदरी म्हातारा झालेला माणूस. तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"बाईसाहेब, आत बसा."

"नाही बसणार, गुंडप्पा. भीती वाटते."

"पाणी घोट्याएवढं आहे."

"पाण्याची नाही. पलीकडं जायची."

"मग पडदे घट्ट बांधतो."

"आत बसलं की जास्त वाटते."

तिने एकेक दागिना उतरवला आणि माझ्या गादीवर ठेवला. मग काठावरच्या खडकावर जाऊन बसली आणि इष्टलिंग तळहातावर घेतलं. तिला हात लावून उचलायची कुणाची छाती होईना. रिकाम्या हाताने गढीवर परतायचीही होईना. शेवटी ते मला तसाच घेऊन पुढे निघाले, आत नुसतं सोनं.

सरदाराने पडदा उघडला, दागिने पाहिले आणि माझ्या फळीवर तलवार हाणली. तो वार अजून आहे. मग त्याचे स्वार मला भोयांच्या खांद्यावर देऊन उताराशी आले, तिला घालून न्यायला. ती तिथेच होती. टापा ऐकून तिचा हात इतका हलला की इष्टलिंग पडतं की काय असं झालं. दुसऱ्या हाताने तिने ते सावरलं.

"भीत नाहीस आम्हाला?" स्वारांच्या नायकाने विचारलं.

"भिते."

"मग ऊठ."

"उठता येत नाही. पायात जीव नाही."

असं उत्तर त्याने कधी ऐकलं नसावं. पूजेला बसलेल्या बाईला ओढून नेलं तर पाप कुणाच्या माथी, हा विचार त्याच्या मनात आला असेल; किंवा घरची एखादी लेक आठवली असेल. मला त्याच्या मनातलं ठाऊक नाही. त्याने मला तिच्या बाजूला टाकायला लावलं आणि स्वार निघून गेले.

ती तिथेच राहिली. कितीतरी दिवस माझ्यात झोपली. गढीवरून कुणी न्यायला आलं नाही. हळूहळू गावच्या बाया येऊ लागल्या. कुणाला सासरचा मार, कुणाचं मूल दगावलेलं. त्या तिच्याजवळ नुसत्या बसायच्या. "भिऊ नको" असं तिने एकीलाही सांगितलं नाही. म्हणायची, "हात धर." लोक तिला मायव्वा म्हणायला लागले. ती म्हातारी झाली, गेली, समाधी झाली, मठ झाला. लोकांनी गाणी रचली की तिला पाहून वाघ मागे सरला आणि तलवारीची धार बोथट झाली. पण रस्त्याने घोडा गेला की शेवटच्या दिवसापर्यंत तिचा हात माझ्या दांड्यावर यायचा. हे कुठल्या गाण्यात नाही.

तेव्हापासून दर जत्रेला मायव्वाचा पितळी मुखवटा माझ्यात बसतो. भोई मला गावातून फिरवतात आणि नदीवर नेतात. तिथे मुखवट्याला स्नान घालतात. एवढंच माझं काम. बाकी वर्षभर मठाच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या दालनात, उभा.

आता यंदाच्या जत्रेचं सांगतो. अजून माझ्या मनातून ती गेली नाही.

मठाचं सगळं नीलाबाई पाहतात. विधवा बाई, वय झालेलं. जरा मोठ्याने कुणी बोललं तरी पदर सावरत मागे सरणाऱ्या. मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष संगमेश्वरअप्पा. त्यांच्या शब्दावर नीलाबाईंची मठातली खोली टिकून आहे. जत्रेच्या सकाळी माझ्या कळसाचं आणि पट्ट्यांचं पितळ घासायला चांदपाशा आले. त्यांच्या घराण्यात पूर्वी कल्हईचं काम होतं, आता वेल्डिंगचं दुकान आहे. पण माझं पितळ उजळायचा मान त्यांच्याच घरात.

दुपारी अंगणात पंगती बसल्या. सोप्यात कुणी नव्हतं. चांदपाशा चिंच आणायला मागे गेले होते. तेवढ्यात एक पोरगी आली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यात शिरली. गुडघे छातीशी घेऊन मुखवट्याच्या मागे बसली. आणि माझी फळी थरथरायला लागली.

मला पितळेखाली काटा आला. ही थरथर मी ओळखत होतो.

चांदपाशा आले. कापड फिरवताना त्यांना पडद्याखालून पोरीच्या पायाचा अंगठा दिसला. ते दोन पावलं मागे सरले आणि दबक्या आवाजात हाक मारली, "नीलाअक्का! जरा इकडं या."

नीलाबाईंनी पडदा उचलला. "अगं बया! दीपे, तू?"

ती दीपमाला होती, संगमेश्वरअप्पांची पुतणी. बाप मागेच वारलेला. आई सिंधु दिराच्या घरात राबायची, दिराच्या जिवावर जगायची.

"आज्जी, मला बाहेर काढू नका," पोरगी म्हणाली. "उद्या माझं लगीन लावायलेत. रेणापूरकडचा हाय. मला सतरावं चालू हाय. आई काई बोलंना. मी न्हाई म्हणलं तर काकानं मला खोलीत कोंडलं. जेवायला सोडलं तवा पळून आले."

नीलाबाई मटकन खाली बसल्या. चांदपाशांचा चेहरा पांढरा पडला.

"अक्का," ते म्हणाले, "मी मुसलमान माणूस. पोरगी मेण्यात अन् मी मेण्यापाशी. कुणी बघितलं तर काय म्हणतील, ठाव हाय ना? माझं दुकान ऱ्हाईल का? माझी नाझनीन, तिची लेकरं..."

"तुमी जावा, भाई. मागल्या दारानं जावा."

चांदपाशा दारापर्यंत गेले. चौकटीला हात लावून उभे राहिले. मग परत आले.

"कुठं जाऊ? पोरगी आमच्या आलियाएवढी हाय." आलिया म्हणजे त्यांची नात. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. शाळेच्या भिंतीवर लेकरांसाठीचा मदतीचा नंबर रंगवलेला असतो, एक शून्य नऊ आठ. तो त्यांनी लावला. बोट दोनदा चुकलं. पलीकडून बाईचा आवाज आला. चांदपाशा हळू आवाजात बोलले, ऐकलं, मान हलवली.

"लातूरहून गाडी निघायलीय. तवर पोरीला एकटं ठेवू नका म्हणतात. माणसांत ठेवा."

"माणसांचंच तर भेव हाय," नीलाबाई म्हणाल्या.

त्या एवढं बोलल्या आणि अंगणातून वहाणांचा आवाज आला. नीलाबाईंनी घाईने पडदा सोडला. मुखवटा बसवून पडदा सोडला की नदीवर जाईपर्यंत तो मठाच्या बाईशिवाय कुणी उचलायचा नाही, अशी जुनी रीत आहे. त्या दिवशी आमच्याकडे तेवढी एकच भिंत होती, आणि ती कापडाची.

संगमेश्वरअप्पा आत आले. मागे घरचे दोघे तिघे.

"अक्का, आमची दीपा आली का इकडं?"

कपाळाला विभूती लावून नीलाबाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज येईना. शेवटी म्हणाल्या, "अप्पा, आज तर सगळा गाव इथं आलाय."

अप्पांनी सोप्यावर नजर फिरवली. चांदपाशा मान खाली घालून माझा कळस घासत होते, घासलेलाच पुन्हा. अप्पा माझ्यासमोर आले. पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. आत पोरीने श्वास धरला, आणि मी लाकडाचा असूनही माझाही श्वास अडकला.

अप्पांनी हात जोडले. डोळे मिटले.

"माय, पोरगी सापडू दे," ते म्हणाले. "अब्रूचा सवाल हाय."

आणि बाहेर गेले.

भोई आले. म्होरक्या सिद्धराम. वाजंत्री सुरू झाली. "उचला!" झालं आणि मी जमिनीवरून सुटलो. सिद्धरामचा खांदा एकदम दबला. कित्येक जत्रा त्याने मला वाहिलं आहे, माझं वजन त्याला बरोबर ठाऊक. त्याने पडद्याच्या फटीकडे पाहिलं, मग नीलाबाईंकडे. नीलाबाईंच्या डोळ्यांत काय होतं कोण जाणे. सिद्धरामने घसा खाकरला.

"काय रे, थांबला का?" कुणी विचारलं.

"आज माय जड झालीया," सिद्धराम म्हणाला.

झालं! तो शब्द वाऱ्यासारखा पसरला. माय जड झाली, माय प्रसन्न झाली. बाया माझ्या अंगावर खोबरं-खारीक उधळू लागल्या. एक तुकडा फटीतून आत जाऊन पोरीच्या मांडीवर पडला. तिने तो हळूच तोंडात घातला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

शाळेजवळ अप्पांनी खांदा द्यायला पुढे होऊन सिद्धरामची जागा घेतली. तो त्यांचा मान. दांडा खांद्यावर येताच ते वाकले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच जड हाय," ते पुटपुटले. "माय, आशीर्वाद हाय म्हणायचा." ज्या पोरीला ते गावभर शोधत होते, तिला स्वतःच्या खांद्यावरून नेत होते. आतून पोरगी त्यांचा धापांचा आवाज ऐकत होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मला वाटत होतं, कुणाचा पाय घसरला, मी कलंडलो, तर काय होईल?

बाजारचौकात मला लाकडी घोडीवर टेकवतात. तिथे आरती होते. पुढचा मुक्काम नदी. आणि नदीवर पडदा उघडून मुखवटा बाहेर काढायचा मान अप्पांचा. म्हणजे जे व्हायचं ते चौकातच व्हायला हवं होतं. बंदोबस्ताला एक पोलीस मॅडम उभ्या होत्या. लातूरच्या गाडीचा पत्ता नव्हता. चांदपाशा चौकाच्या कोपऱ्यावर रस्त्याकडे डोळे लावून उभे. त्यांनी लांबूनच मान हलवली. नाही आली.

आरती संपत आली. नीलाबाई पडद्याशी वाकल्या.

"दीपे, गाडी आली न्हाई."

"आज्जी, मला लई भेव वाटायलंय."

"मला बी वाटायलंय गं." आणि त्यांनी पडद्यातून हात आत घातला.

पोरीने तो हात धरला. इतका घट्ट की नीलाबाईंची पितळी बांगडी पिचकली. मग पडदा बाजूला झाला आणि दीपमाला सगळ्या गावासमोर खाली उतरली.

वाजंत्री आपोआप थांबली. संगमेश्वरअप्पांच्या खांद्यावर दांड्याखाली घ्यायची गादी अजून तशीच होती. ते पुतणीकडे बघतच राहिले. ती माझ्या दांड्याला टेकली. बोलली तेव्हा आवाज फाटका निघाला.

"काका, मला लगीन करायचं न्हाई. मला अठरा झाले न्हाईत."

"घरी चल," अप्पा म्हणाले.

"न्हाई येणार."

अप्पांचा हात वर गेला. पोलीस मॅडम मध्ये आल्या. त्याच वेळी गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मेणा बाटवला!" दुसरा ओरडला, "तो कल्हईवाला सकाळपासून मेण्यापाशीच हुता! त्यालाच इचारा!" लोकांचं तोंड चांदपाशांकडे वळलं. ते हलले नाहीत. पळाले असते तर संपलंच होतं. तेव्हा सिद्धराम पुढे झाला.

"मला ठाव हुतं," तो म्हणाला. "मी जाणून उचललं. मला इचारा."

आणि बायांच्या घोळक्यातून सिंधु आली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, दिरासमोर कधी मान वर न केलेली बाई. लेकीचा दुसरा हात धरून उभी राहिली.

लातूरची गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

लग्न मोडलं. पोरगी अठराची होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं अप्पांना लिहून द्यावं लागलं. दीपमाला आता लातूरला वसतिगृहात राहते, अकरावीला आहे. सिंधु उमरीला भावाकडे गेली. तिथे सुखात आहे असं मी म्हणणार नाही. भावजय रोज काहीतरी बोलते म्हणे. पण सिंधु रविवारी लेकीला फोन करते.

चांदपाशांच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी डांबर फासलं. काही दिवस त्यांनी दुकान उघडलंच नाही. नाझनीन माहेरी येऊन राहिली, बापाला एकटं सोडेना. आता दुकान उघडतं, पण ते मठाकडे फिरकत नाहीत. त्यांना कुणी बोलावतही नाही. माझं पितळ काळं पडत चाललं आहे. सिद्धरामने गावात सांगून टाकलं, पुढच्या जत्रेला मेणा दुसरा कुणी वाहील तर वाहू दे, मी दांड्याखालून निघालो.

एका दुपारी अप्पा आले. नीलाबाई झाडत होत्या. अप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अक्का, मी हात जोडले, तवा ती आतच हुती?"

"हाव, अप्पा."

अप्पा वहाणा घालून निघून गेले. त्यांच्या मनात काय आलं, राग की दुसरं काही, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

ट्रस्टमध्ये आता बोलणं चाललंय की मेणा बाटला, याला नदीत सोडा. ट्रॅक्टरवर बसेल अशी नवी फायबरची पालखी आणू, उघडी, चारी बाजूंनी मोकळी. म्हणजे पुन्हा कुणी लपायला नको. पोळ्याच्या आधी बैठक आहे. नीलाबाईंची खोलीही त्याच बैठकीत ठरायची आहे. त्या रोज संध्याकाळी दाराची कडी दोनदा तपासतात. मला माझं भय आहे, पण त्यांचं बघवत नाही.

आणि परवा एक बाई आली. या गावची नव्हती. पायांना धूळ, बरोबर तेरा-चौदा वर्षांची पोर. बाई माझ्यासमोर आली, पण हात जोडले नाहीत. नीलाबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, इथं पोरीला ठिवून घेतेत का?"

नीलाबाईंनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर अप्पांच्या घरचा माणूस उभा होता. मला वाटलं, या आता नाही म्हणतील. म्हटलं असतं तरी मी त्यांना बोल लावला नसता.

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. हात पदराला पुसले.

"आत ये," त्या पोरीला म्हणाल्या. "जेवलीस का?"

बैठकीला तुमच्यापैकी कुणाला जाता आलं तर जा. मला बैठकीत बोलता येत नाही. माझं जे व्हायचं ते होवो, पण नीलाबाईंच्या बाजूने दोन माणसं बसलेली असू द्या. त्यांना एकटीला फार भेव वाटतं.